कोरणं माझं, छापणं त्याचं

२ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आज पाडवा. सकाळी अंघोळ करून सवयीने तबक काढलं. हळदकुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. वात पेटवेपर्यंत काही जाणवलंच नाही. मग तबक हातात घेऊन स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. ओवाळायचं कोणाला?

होल्गरला या दिवसाचं फार अप्रूप होतं. तळघरातून शाईचे हात घेऊन वर यायचा आणि फोटो काढायला बसल्यासारखा खुर्चीत ताठ बसायचा. ओवाळून झालं की त्या वर्षातला सगळ्यात चांगला छापा तबकात टाकायचा. माझंच चित्र मला ओवाळणी. मी हसले की म्हणायचा, कोरणं तुझं असलं तरी छापणं माझं, तेव्हा निम्मी ओवाळणी तरी खरी.

आणि ते खरंच होतं. लाकडावर चित्र कोरायचं मी, आणि कागदावर उतरवायचं त्याने. लग्नाच्या आधीपासून असंच चालत आलेलं. तो हाडाचा छपाईवाला. फळीवर शाई कितपत लावायची हे त्याला नुसतं बघून कळायचं. मे महिन्यात तो गेला. तेव्हापासून मी तळघरात उतरलेले नाही.

निरांजन विझवलं नाही. खिडकीत ठेवलं, तूप संपेपर्यंत जळलं.

दुपारी नीता चकल्या घेऊन आली. मी हॅनोव्हरला आले तेव्हापासूनची मैत्रीण, तिचं वाईट वाटून घेता येत नाही.

म्हणाली, "सुलेखा, महिनाभर कराडला जाऊन ये. नाहीतर इथे फोल्कसहोखशूलचा एखादा कोर्स लाव. योगा, भांडी बनवणं, काहीतरी. मन रमतं."

"मला मन रमवायचं नाहीये."

"मग काय करायचंय?"

तेवढ्यात फोन वाजला. गॅलरीच्या फ्राऊ बेहरेन्स. एप्रिलमध्ये त्यांच्या भिंती मोकळ्या आहेत. आठ नवे छापे देशील का, घाई नाही, नाही म्हणालीस तरी मी समजू शकते. नीता समोर बसून माझ्याकडे बघत होती. आजारी माणसाला भेटायला गेल्यावर बघतात तसं. मी फोनवर म्हटलं, "हो, आनंदाने देईन. काम चालूच आहे."

नीता गेल्यावर सगळ्या चकल्या एकटीने खाल्ल्या. जेवण झालं म्हणायचं.

६ नोव्हेंबर

तळघरात गेले. त्याचा एप्रन खिळ्याला होता तसाच. मशीनवर धूळ. ते मशीन त्याने एका बंद पडलेल्या छापखान्यातून सुटं करून आणलं होतं आणि इथे खाली परत जोडलं होतं. नवीन काही सुचेना म्हणून जुनी फळी काढली, लाइने नदीवरच्या पुलाची. म्हटलं आधी हात बसू दे.

शाई गुळाच्या ढेपेसारखी घट्ट. तो ती कशी सैल करायचा? पंचवीस वर्षं त्याच्या शेजारी बसून कोरलं, पण मान वर करून बघितलं नाही. रोलर फिरवला, कागद ठेवला, हँडल ओढलं. मशीनने तो ओळखीचा आवाज केला, आधी कण्हल्यासारखा, मग धाडकन. कागद उचलला. अर्धा पूल होता, अर्धा नव्हता.

वर पायरीवर सासूबाई येऊन उभ्या. त्या तळमजल्यावर राहतात, आम्ही, म्हणजे मी, त्यांच्या डोक्यावर. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत. नवरा गेल्यावर टायरच्या कारखान्यात राबून होल्गरला वाढवलं. त्याच्या अंत्यविधीला त्यांच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही.

"आवाज येतोय," म्हणाल्या.

"मी छापतेय."

"होल्गर दार लावून छापायचा."

"लावू?"

"मी तसं म्हटलं नाही."

आणि पायरीवर बसल्या. जाईनात. पाठीमागे कोणी श्वास घेत असताना मला काम करता येत नाही. दोन कागद वाया घालवले आणि वर आले. त्यांना हाताला धरून उठवावं लागलं. म्हणाल्या, "झालं एवढ्यात?"

१२ नोव्हेंबर

रोज जाते. रोज तेच. शाई जास्त झाली की बारीक रेषा बुजतात, कमी झाली की चित्र चट्टे पडल्यासारखं दिसतं. कागद फार ओला की सुरकुततो. सुका की काही धरतच नाही. मी छप्पन्न वर्षांची आहे, माझी चित्रं संग्रहालयांत आहेत, आणि मला माझीच फळी छापता येत नाही.

लोक म्हणायचे, सुलेखाच्या काळ्या रंगात केवढी खोली असते. ती खोली त्याची होती. मी नुसती भोकं पाडत होते.

सासूबाई पायरीवर येऊन बसतात. आता उशीही आणतात. आवाजाबद्दल कुरकुर करायची तर वर आपल्या खोलीत बसून करावी. मी एक दिवस नाही गेले तर लगेच विचारतात, "आज मशीन चाललं नाही?" मुकादम बरा.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज टोटेनझोनटाग. वर्षातून एकदा इथले लोक आपापल्या मृतांना भेटायला जातात, आपल्या सर्वपित्रीसारखंच, फक्त कावळा नाही. सासूबाईंना घेऊन रिकलिंगेनच्या दफनभूमीत गेले. त्या वॉकर ढकलत, मी कुंडी घेऊन. गार वारं सुटलं होतं.

त्यांनी पिशवीतून फडकं काढून दगड पुसला. मग वाकून अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवलं. होल्गरच्या नावाची ती अक्षरं मी काढून दिलेली.

"थंडीत कधी टोपी घालायचा नाही," म्हणाल्या.

ते दार लावून छापण्याचं सोडलं तर सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या त्याच्याबद्दल बोलल्या, आणि बोलल्या काय तर टोपी. मला इतका राग आला की ट्राममध्ये त्यांच्या शेजारी बसले नाही, दाराजवळ उभी राहिले. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. स्टॉप येईपर्यंत मान वळवली नाही.

८ डिसेंबर

जुन्या फळ्या सोडल्या. म्हटलं, नवीन कोरावं. कोरणं तरी माझं आहे. नाशपातीच्या लाकडाची नवी फळी काढली. बारीक रेघेला त्याच्यासारखं लाकूड नाही. पेन्सिलीने काढलं, घासून पुसलं. परत काढलं, परत पुसलं. कालवा, निष्पर्ण झाडं, त्याची खुर्ची, त्याचे बूट. सगळं खोटं. शोकपत्रावर छापतात तसलं.

मधली पातळ कोरणी सापडत नाही. सगळीकडे शोधली. परवा इंग्लिश सुरी अशीच हरवली. डोकं ठिकाणावर नाही माझं.

कुहूचा फोन रोज कॉफीच्या वेळेला. लेक बर्लिनला शिकते, चोवीस वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, लहानपणापासून असंच. आईलाही जर्मनसारखं 'मामा'च म्हणते. रोज तेच विचारते. काय खाल्लंस. बाहेर गेलीस का. आज सांगितलं, रोज हजेरी घेऊ नकोस, मी काही केजीमधली नाही. ती म्हणाली, "ओके, मामा. उद्या करते."

१३ डिसेंबर

काही नाही.

२१ डिसेंबर

आज काही नाही. चारलाच अंधार. कालव्यापर्यंत चालत गेले. पाण्याला किनाऱ्याकडे पातळ बर्फ धरलं होतं. पाणी अडवायच्या दारांजवळच्या कठड्याला टेकून उभी होते, गार लोखंड, बरं वाटत होतं. फार वेळ नव्हते. परत आले.

सासूबाई फाटकात उभ्या. कोट, टोपी, वॉकर.

"कुठे निघालात?"

"कचरा टाकायला."

हातात कचरा नव्हता. विसरल्या असतील. त्यांचंही वय झालंय. माझ्याच्याने आणखी एक माणूस सांभाळणं होणार नाही.

२७ डिसेंबर

कुहू नाताळला आली आणि आज गेली. तीन बायका एका टेबलाशी. हंसाचं मांस सासूबाईंनी केलं, लाल कोबी मी. सासूबाईंनी चार ताटं मांडली. चौथं ताट तसंच राहिलं.

काल मी स्वयंपाकघरात शिरले तर आजी-नात बोलता बोलता थांबल्या. मी विचारलं, "काय चाललंय?"

कुहू म्हणाली, "काही नाही. प्लेट्सखेन बिस्किटांची कृती विचारत होते."

मला कळतं. घराबद्दल असणार. घर सासूबाईंच्या नावावर आहे. मुलगा गेला, आता सुनेचं काय करायचं. कुहूने निदान माझ्या बाजूने असायला हवं होतं. जाताना तिने मला मिठी मारली आणि सोडेचना. तिची ट्रेन चुकली असती. मी तिचे हात सोडवले.

९ जानेवारी २०२५

लिहू नये वाटतंय, पण लिहिते. खोटं लिहायचं तर वही कशाला ठेवायची?

सकाळी तळघरात फळी घेऊन बसले. महिनाभर तीच फळी, घासून घासून पातळ झालेली. काही काढलं नाही. सरळ कोरायला लागले. रेघ नाही, आकार नाही, नुसते घाव. मग ती फळी घाव घालण्याजोगीही उरली नाही. रुंद पटाशी हातात घेऊन उभी होते. किती वेळ, सांगता येणार नाही. तिची धार चांगली होती. ती बघत होते. बाकी काही डोक्यात नव्हतं. खरं तर काहीच नव्हतं, तेच जरा विचित्र होतं. सगळं एकदम शांत.

सासूबाईंनी वरून हाक मारली. "सुलेखा, मीठ आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"घेऊन ये ना. आत्ता."

मीठ घेऊन गेले. त्यांच्या ओट्यावर मिठाचा डबा काठोकाठ भरलेला. मी तो दाखवला. त्या म्हणाल्या, "अच्छा. दिसला नाही." मग म्हणाल्या, "बटाटे सोलायला बस. माझी बोटं वळत नाहीत." चौघांना पुरतील एवढे बटाटे सोलून घेतले माझ्याकडून. मग सूप होईपर्यंत बसवून ठेवलं. मग ते पिईपर्यंत.

संध्याकाळी खाली दिवा बंद करायला गेले तर पटाशी नव्हती.

१४ जानेवारी

ठरलं. मशीन विकायचं. मला ते चालवता येत नाही आणि त्याच्याकडे बघवत नाही. जाहिरात टाकली. फ्राऊ बेहरेन्सना कळवायला हवं. उद्या कळवते.

२० जानेवारी

हिल्डेसहाइमहून एक छपाईवाला मशीन बघायला येणार होता. अकराची वेळ. वाट बघून फोन केला तर तो वैतागलेला. म्हणाला, "मी येऊन गेलो. तुमच्या घरातल्या बाईंनी सांगितलं, विकलं गेलं."

खाली गेले. सासूबाई टीव्ही बघत होत्या.

"तुम्ही त्याला परत पाठवलंत?"

"पाठवलं."

"ते मशीन माझं आहे."

"होल्गरचं आहे."

"होल्गर नाहीये." मी ओरडले बहुतेक. "तो नाहीये आणि मला ते येत नाही. तुम्हाला त्याचा आवाज सहन होत नाही, तुम्हीच म्हणता. मग कशासाठी ठेवायचं?"

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"मी कधी म्हटलं सहन होत नाही?"

"पहिल्याच दिवशी म्हणालात, आवाज येतोय."

"येत होता," त्या म्हणाल्या. "तेच सांगायला आले होते."

बाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. शब्दात धरतात. वर आले आणि दार आपटलं.

३ फेब्रुवारी

सासूबाई पडल्या. तळघराच्या जिन्यावर.

मी वर झोपून होते. हल्ली दुपारची झोपते. आवाज ऐकला, पण उठले नाही. वाटलं काहीतरी पडलं असेल. मग त्यांनी हाक मारली. माझं नाव नाही घेतलं. होल्गरचं घेतलं.

पाय वेडावाकडा झाला होता. चेहरा पांढरा. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच गार पायरीवर, रुग्णवाहिका येईपर्यंत. त्या इतक्या हलक्या आहेत हे मला माहीत नव्हतं. मला म्हणाल्या, "उशी घे. गारठा लागेल तुला."

"तुम्ही खाली कशाला गेलात? मी तर खाली नव्हते."

हॉस्पिटलात कपडे बदलताना नर्सने त्यांचा एप्रन माझ्याकडे दिला. खिशात माझी शेवटची कोरणी. व्ही आकाराची, जर्मन पोलादाची, होल्गरने दिलेली.

म्हणजे त्याच नेत होत्या. एकेक करून. मी वेड्यासारखी शोधत होते.

५ फेब्रुवारी

शस्त्रक्रिया झाली. खुब्यात खिळा घातलाय. वयामुळे डॉक्टर जपून बोलतात. कुहू बर्लिनहून आली. कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या मशीनपाशी मी तिला कोरणीचं सांगितलं. म्हटलं, तुझ्या आजीचं डोकं फिरत चाललंय बहुतेक, माझी हत्यारं चोरते.

कुहूने कप खाली ठेवला. आणि मराठीत बोलायला लागली. तुटकं, चुकत, शब्द शोधत. मला आधी कळलंच नाही की ती का थांबते आहे.

"मीच सांगितलं ओमाला, आजीला. काढून ठेव म्हणून. ती तुझ्या मागे यायची, मामा. कालव्यापर्यंत. तो वॉकर घेऊन. मग मला फोन करायची, आली घरी म्हणून. मी तोपर्यंत... मी फोन हातात घेऊन बसायची."

"तसं काही नव्हतं," मी म्हटलं.

"ओके."

"कुहू, खरंच नव्हतं."

"ओके, मामा." ती रडत होती. "मला पापा नाही आता. मला तू पाहिजे."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना अजून तोच शॅम्पूचा वास. तसं काही नव्हतं असं मला वाटतं. माझं मलाच नीट माहीत नाही. पण मुलगी तीन महिने फोन हातात घेऊन बसली होती आणि मी तिला म्हटलं होतं, हजेरी घेऊ नकोस.

हत्यारं सासूबाईंच्या कपाटावर आहेत म्हणे, प्लेट्सखेनच्या डब्यात. मी आणली नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

कुहू घरी झोपलीय. मी दुपारभर सासूबाईंजवळ होते. औषधाने गुंगीत असतात. कवळी काढून ठेवलेली, गाल आत गेलेले, मान डाव्या खांद्याकडे कललेली, तोंड उघडं. केस घामाने डोक्याला चिकटलेले. मी त्यांच्याकडे कधी एवढा वेळ बघितलं नव्हतं. पंचवीस वर्षं आम्ही एकमेकींकडे नाही, होल्गरकडे बघत आलो.

ट्रेवर जेवणाचं कार्ड पडलं होतं. मागची बाजू कोरी. नर्सचं पेन घेतलं. सुरुवात कानापासून केली, का ते माहीत नाही. मग जबडा. मग गळ्याच्या दोन शिरा. हात चालायला लागला तसा मी त्याच्याकडे लक्ष देणं सोडून दिलं.

त्या जाग्या झाल्या. "काय करतेस?"

"काही नाही."

"कागदाचा आवाज येतोय."

"चित्र काढतेय."

"बरं," म्हणाल्या आणि परत डोळे मिटले. मान होती त्याच जागी ठेवली. मुद्दाम.

१८ फेब्रुवारी

डबा काढला. प्रत्येक कोरणी वेगळ्या फडक्यात गुंडाळलेली, बाळाला गुंडाळतात तशी.

तळघरात जाववत नाही. त्या पायरीवर पाय टाकायचा म्हटलं की मागे फिरते. स्वयंपाकघरातच टेबलावर घोंगडी टाकून फळी ठेवली. कुहू समोर बसून लॅपटॉपवर अभ्यास करते. अजून बर्लिनला गेली नाही. मी जा म्हणत नाही. कोरणीचं तोंड तिच्याकडे असलं की मी ते वळवते, ते तिला दिसतं.

कार्डावरचं चित्र आहे तसं फळीवर उतरवलं. एरवी आरशात बघून उलटं काढते, छापल्यावर सुलटं यावं म्हणून. या वेळी लक्षात येईपर्यंत अर्धं कोरून झालं होतं. असू दे.

काम वाईट चाललंय. कोरणी घसरते, वेळेवर खात नाही म्हणून असेल. कुहूने भात-आमटी केली. आमटीत चिंच जास्त. दोनदा घेतली.

फ्राऊ बेहरेन्सना फोन केला. म्हटलं, "आठ होणार नाहीत. एकही चांगला होईल असं नाही. नोव्हेंबरमध्ये मी तुमच्याशी खोटं बोलले, तेव्हा काहीच चालू नव्हतं."

त्या म्हणाल्या, "मला कल्पना होती. एक झालं तर एका भिंतीवर लावू."

"आणि नाही झालं तर?"

"तर भिंती रंगवून घेईन. रंग उडालाय तसाही."

२ मार्च, रविवार

सकाळपासून उजेड चांगला होता. कोरून झालंय असं वाटत नाही, पण आणखी हात लावला तर बिघडेल. हनुवटीजवळ कोरणी चार-पाच ठिकाणी घसरलीय, बारीक ओरखडे उठलेत. पहिला छापा बघून साफ करायचं ठरवलं.

मशीन खाली. मी वर. कुहूला विचारलं, तू खाली येशील माझ्याबरोबर? ती हो म्हणाली. जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिलो. मला नाही जमलं.

मग शाई वर आणली तिने. रेडिएटरवर डबा ठेवला, तेवढ्याने ती सैल झाली. एवढं साधं असेल का? होल्गरही असंच करत असेल का? रोलर फिरवला. कागद ओला करून टिपला, फळीवर ठेवला. दाबायला काय घ्यायचं? लाकडी डाव घेतला, आमटीचा. त्याच्या पाठीने घासायला लागले. मधून बाहेर, गोल गोल, अंगठ्याखाली रेघ जाणवेपर्यंत. मशीनला एक झटका लागतो. याला खांदा दुखेपर्यंत घासावं लागलं. कागदाच्या मागून काळं हळूहळू दिसायला लागलं.

कोपरा धरून उचलला.

तो होल्गर होता.

उलटा उमटला ना. मान डावीकडची उजवीकडे गेली. होल्गर शेवटच्या आठवड्यात असाच झोपायचा, मान उजव्या खांद्यावर, खिडकीकडे. गाल आत गेलेले, केस गेलेले, तोंड उघडं. मी त्याच्या आईला कोरलं होतं. पंधरा दिवस रोज तो चेहरा कोरत होते आणि मला दिसलं नाही. सुलट्यात दिसलंच नाही.

कुहूने मागून बघितलं. "पापा," म्हणाली.

मी खुर्चीत बसले. मग जमिनीवर बसले. मे महिन्यात माणसं होती, कागदपत्रं होती, फुलं, कबर, सगळं होतं, तेव्हा नीट रडले नव्हते. आज आमटीचा डाव हातात धरून रडले. कुहू मला धरून बसली होती. कोण कोणाला धरून होतं काय माहीत.

बरं नाही वाटत आहे. हलकं वगैरे काही वाटलं नाही. तो गेलाय, एवढंच पुन्हा एकदा कळलं. सकाळी काळा रंग काळा आला होता, हेही लिहून ठेवते.

४ मार्च

दोन दिवस डोक्यात एकच. दाखवायचं का? आईला मेलेल्या मुलाचा चेहरा नेऊन दाखवायचा, तोही तिच्याच चेहऱ्यातून काढलेला? कुहू म्हणाली, तू ठरव. शेवटी कागद पुठ्ठ्यात घालून नेला, पण दाखवेनच असं नव्हतं.

सासूबाई आता रेहामध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात आहेत. खुर्चीत बसतात. वॉकर धरून चार पावलं चालून दाखवली, मग फिजिओच्या मुलीला म्हणाल्या, बस झालं, माझी सून आलीय. त्या मला नावानेच हाक मारतात. सून म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"पुठ्ठ्यात काय आहे?"

"तुमचं चित्र काढलं होतं ना. ते छापलंय. पण ते..." काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. बघत राहिल्या. बाहेर कोणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेली, तिच्या थाळ्यांचा आवाज येऊन गेला. त्या बघतच होत्या. मला वाटलं, चुकलं. उचलून घ्यावं म्हणून हात पुढे केला.

"दाढी वाढलीय त्याची," त्या म्हणाल्या.

हनुवटीवरचे ते ओरखडे. मी साफ करायचे म्हणून ठेवले होते.

"शेवटी शेवटी करू द्यायचा नाही," मी म्हटलं. "टोचते म्हणायचा."

"लहानपणीही केसांना हात लावू द्यायचा नाही." आणि त्यांनी अंगठा त्या हनुवटीवर ठेवला. सावकाश फिरवला, खालून वर, दाढीच्या उलट दिशेने, हाताला लागते का बघावं तसा. शाई अजून पुरती वाळली नव्हती. हनुवटी फरफटली, जबड्याची रेघ गालात गेली. त्यांनी अंगठा वर करून बघितला. काळा झालेला. मग कागदाकडे बघितलं आणि त्यांचे ओठ कापायला लागले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"बिघडवलं मी," म्हणाल्या.

"असू द्या."

"असू द्या काय? फाटकातून आत येताना कसा दिसायचा, आता ध्यानात राहत नाही माझ्या. आणि हे मी बिघडवलं."

मी त्यांच्या अंगठ्यावरची शाई रुमालाने पुसायला लागले. तेलाची शाई, नुसत्या कापडाने जात नाही. त्यांनी हात ओढून घेतला.

"फळी आहे ना घरी?"

"आहे."

"मग दुसरा काढ. ओरखडे तसेच ठेव."

"माझ्याकडून सारखाच येईल असं नाही. होल्गरसारखं मला जमत नाही."

"मी होल्गरसारखा काढ म्हटलं का?" चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. काळा अंगठा कपाळाला लागला. "दुसरा काढ म्हटलं."

घरी आले. कोट न काढताच कागद भिजत घातला.